सागरी महामार्गावरील रात्रवस्तीचे नायगावी शास्त्र

अलिबाग तालुक्यातील रेवसपासून वेंगुर्ले तालुक्यातील रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा जो रस्ता सागरी महामार्ग या भारदस्त नावाने ओळखला जातो, त्याची लांबी ढोबळमानाने ५०० किलोमीटर सांगितली जाते. आणि हा आकडा ऐकून हे अंतर दोन दिवसांत, रमतगमत गेल्यास तीन दिवसांत, सहज उरकेल असे ज्याला वाटते, त्याचा कोकणात एकही नातेवाईक नसावा असे खुशाल समजावे. या रस्त्याची कल्पना १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. तेव्हापासून आजपर्यंत हा महामार्ग काही ठिकाणी रस्ता आहे, काही ठिकाणी गल्ली आहे, आणि काही ठिकाणी पाणी आहे. प्रवासवर्णनकारांनी त्याच्या कडेचे माड, सुरू, पुळणी आणि सूर्यास्त यांवर पुष्कळ शाई खर्च केली असली, तरी सूर्यास्तानंतर प्रवाशांनी अंग कुठे टेकायचे आणि त्या निर्णयामुळे किती घरांशी बोलणे बंद व्हायचे, या मूलभूत प्रश्नाकडे त्यांनी दुर्लक्ष केले आहे. प्रस्तुत विवेचन या प्रश्नापुरतेच मर्यादित असून त्यासाठी मुंबईतील नायगाव येथील कुटुंब हा नमुना म्हणून घेतला आहे.

येथे नायगाव म्हणजे दादर पूर्वेचे, भोईवाड्याच्या शेजारचे नायगाव. वसईच्या खाडीपलीकडचे नव्हे. हा खुलासा वाचकापेक्षा भाड्याच्या गाडीच्या चालकासाठी अधिक आवश्यक असतो, कारण पहाटे चारची वेळ दिलेला चालक पावणेचारला वसईच्या नायगावात उभा राहून ‘चाळ कुठाय?’ असे फोनवर विचारत असल्यास पहिल्या मुक्कामाचे संपूर्ण गणित तिथेच कोसळते. दादरच्या या नायगावात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या, म्हणजेच बीडीडी चाळींच्या, ४२ इमारती होत्या. प्रत्येक मजल्यावर वीस आणि प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात या परिसरातल्या काही खोल्या गावकीच्या असत, म्हणजे कोकणातील एखाद्या गावाने आपल्या मुंबईकर चाकरमान्यांसाठी, नोकरीधंद्यानिमित्त गाव सोडून आलेल्या पुरुषांसाठी, सामाईक खर्चाने चालवलेल्या असत. आणि तिथे एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीच्या जागी दुसरी पाळी आडवी होत असे. रात्री कोण कुठे झोपेल, कोण गॅलरीत, कोण माळ्यावर आणि कोण कॉटखाली, याचा निर्णय दररोज विनातक्रार घेणाऱ्या या समाजाला सहा रात्रींच्या प्रवासाचे नियोजन जड जाऊ नये, अशी बाहेरच्या निरीक्षकाची अपेक्षा असते. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळणार म्हणून ज्यांनी मधली काही वर्षे संक्रमण गाळ्यात काढली, त्यांचे तर सारे आयुष्यच एक लांबलेला मुक्काम झालेले असते. तरीही नियोजन जड जाते, आणि त्याचे कारण जागेच्या टंचाईत नसून जागेच्या सुकाळात आहे: कोकणच्या किनाऱ्यावर झोपायला हक्काच्या जागा गरजेपेक्षा फार जास्त आहेत.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण मुक्काम माणसे ठरवत नसत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत जाई. कोणत्या बंदरात कधी पोचायचे हे कंपनी आणि समुद्र परस्पर ठरवत, आणि धक्का नसलेल्या बंदरात प्रवाशाला पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत, उतरवले की त्याच्या इच्छेचा प्रश्न संपे. पुढे एसटीने ‘वस्तीची गाडी’ नावाची एक संस्था रूढ केली. संध्याकाळी आडगावात पोचणारी, चालक-वाहकासह तिथेच रात्र काढणारी आणि पहाटे त्याच गावातून पहिली परतणारी ही गाडी, रात्रवस्तीचे आजवरचे सर्वांत निर्दोष नियोजन मानावे लागेल, कारण तिच्या मुक्कामाबद्दल कोणाची आत्या रागावल्याचे ऐकिवात नाही. खाजगी गाडी आली आणि हे सुख संपले. कुठेही थांबता येते म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी न थांबल्याचे स्पष्टीकरण देणे भाग पडू लागले.

नियोजनाची बैठक रविवारी सकाळी, थोरल्या काकांच्या अध्यक्षतेखाली, गॅलरीत भरते. तरुण पिढी मोबाइलवर आधीच काही खोल्या हेरून आलेली असते. तिच्या यादीत काशीद, आरे-वारे आणि देवबाग ही नावे असतात व प्रत्येक नावापुढे ‘सी-फेसिंग’ असा शेरा असतो. ज्येष्ठ मंडळी ही यादी शांतपणे ऐकून घेतात. मग काकू एवढेच विचारतात की पेणच्या आत्यांना काय सांगायचे, आणि यादी खिशात परत जाते.

येथे पेणचे महत्त्व स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबईहून मांडव्यापर्यंत २०२० पासून रो-रो सेवा सुरू आहे, म्हणजे माणसांसकट मोटारी वाहून नेणारी बोट आहे. ती भाऊच्या धक्क्यावरून सुटते आणि नायगावहून तो धक्का हाकेच्या अंतरावर असल्याने गाडी बोटीत चढवून तासाभराने अलिबाग तालुक्यात उतरणे हाच कोणत्याही नकाशाचा सल्ला ठरेल. पण बोटीने गेल्यास पेण लागत नाही. बैठकीत रो-रोच्या विरुद्ध भाडे, वारा, लाटा आणि लहान मुलांना होणारी मळमळ अशी चार कारणे नोंदवली जातात. पाचवे कारण कोणी उच्चारत नाही आणि निर्णय त्याच कारणावर होतो. गाडी वाशी, पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड अशी वळसा घालून अलिबागला जाते, आणि आत्यांकडे ‘नुसता चहा’ होतो.

नुसता चहा ही संज्ञा या शास्त्रात मध्यवर्ती आहे. वाटेत घर असलेल्या नातेवाइकाकडे मुक्काम करणार नाही, परंतु तोंड दाखवल्यावाचून पुढेही जाणार नाही, असा दुहेरी हेतू जाहीर करण्यासाठी प्रवासी ती वापरतो. यजमान मात्र तिचा अर्थ पोहे, चहा, आंघोळ, जेवण, वामकुक्षी आणि निघताना पिशवीभर पोह्याचे पापड असा घेतो. पेणेत याने फारसे बिघडत नाही, कारण पेणेनंतर रस्ता सलग आहे. बिघडते ते खाडी आल्यावर.

कोकणचा किनारा नद्यांनी जागोजाग कापलेला असून सागरी महामार्गाच्या वाट्याला आलेल्या अनेक खाड्यांवर पूल झाले असले, तरी आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी प्रवाशाला आजवर फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला आहे. या सपाट तळाच्या, पुढचा दरवाजा खाली पाडून मोटारी आत घेणाऱ्या बोटीला रायगडात जंगलजेट्टी असेही म्हणतात. बाणकोटच्या खाडीत पुलाचे खांब बरीच वर्षे उभे राहिले आणि पूल मात्र आला नाही, त्यामुळे तेथून फेरीबोटीने जाताना भविष्यकाळ डाव्या-उजव्या हाताला पाहायला मिळतो. नॉर्वेत स्टाइनशेर ते बोडो या सुमारे ६५० किलोमीटरच्या प्रसिद्ध किनारी रस्त्यावरही सहा ठिकाणी गाडी बोटीत चढवावी लागते, आणि तिथले प्रवासी बोटींचे वेळापत्रक समोर ठेवून त्यावरून मुक्काम ठरवतात. कोकणातही हे शक्य आहे. वेळापत्रके आहेत, बोटीही बहुधा वेळेवर सुटतात. फरक एवढाच की नॉर्वेत धक्क्याच्या अलीकडे मावशीचे घर नसते. दाभोळच्या अलीकडे नुसता चहा झाला की शेवटची फेरी जाते. फेरी गेली की पलीकडे दिव्यांसह दिसणारे धोपावे गाठण्यासाठी खेड-चिपळूणचा लांबलचक वळसा घ्यावा लागतो. आणि रात्रीचा वळसा कोणालाच नको असल्याने चहाचे रूपांतर मुक्कामात होते. जुन्या जाणत्या यजमानांना शेवटच्या फेरीची वेळ तोंडपाठ असते व ते त्यानुसार चहा उकळायला ठेवतात, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे.

खाड्यांच्या खालोखाल वारांचा प्रश्न येतो. वार पाळणे म्हणजे आठवड्यातील ठरावीक दिवशी मांसमच्छी वर्ज्य करणे, आणि एकत्र कुटुंबात हे वार देवांप्रमाणे माणसांतही वाटून दिलेले असतात: काकूंचा सोमवार शंकराचा, मामींचा मंगळवार गणपतीचा, थोरल्या काकांचा गुरुवार दत्ताचा, वहिनींचा शुक्रवार देवीचा, धाकट्या काकांचा शनिवार मारुतीचा. संपूर्ण गाडीने एका ताटात मासे खावेत असे उरतात ते बुधवार आणि रविवार. ज्या प्रवासाचे अर्धे आकर्षण सुरमई, पापलेट आणि तिसऱ्या हे आहे, त्यात या दोन वारी गाडी नेमकी कुठे उभी असावी हा प्रश्न सूर्यास्त कुठून दिसतो यापेक्षा गंभीर ठरतो, आणि येथे नायगावकरांची बुद्धी खरोखर चमकते. शुक्रवारी पहाटे निघून पहिली रात्र मुरुड-जंजिऱ्याजवळ. शनिवारी दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, जिथे उकडीचे मोदक आगाऊ सांगून ठेवता येतात आणि धाकटे काका उपाशी राहत नाहीत. रविवारी हर्णै, जिथे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. सोमवारी गुहागर, कारण व्याडेश्वर शंकराचा. मंगळवारी गणपतीपुळे, त्याचे कारण सांगायलाच नको. आणि बुधवारी मालवण. प्रत्येक देव आपल्या वारी, प्रत्येक मासा आपल्या गावी. आजवर या किनाऱ्यावर इतके सुबक नियोजन कोणत्याही पर्यटन संस्थेने केलेले नाही, हे येथे नोंदवणे न्यायाचे होईल. गणपतीपुळे ते मालवण हा एका दिवसाचा पल्ला साधण्यासाठी रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, जैतापूर, विजयदुर्ग आणि कुणकेश्वर ही सर्व स्थळे गाडीच्या काचेतून पाहावी लागतात, ही किंमत बैठकीला जास्त वाटत नाही. विजयदुर्ग पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. बुधवारची सुरमई नसते.

या सुबकपणात पहिला अडथळा आणतो तो हरिहरेश्वर. तेथील प्रदक्षिणेचा मार्ग डोंगराच्या पायाशी, समुद्राने कोरलेल्या खडकांवरून जातो आणि भरतीच्या वेळी त्यावर पाऊल ठेवणे जिवावर बेतते. म्हणून ओहोटी कधी हे आधी पाहावे लागते. आजीला त्यासाठी मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा तिला पाठ आहे: एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, दुपारी सव्वादोनला, ओहोटी. दुपारच्या जेवणानंतर, शेवटची फेरीबोट पकडण्याची घाई नसताना, ही वेळ उत्तम. शिवाय एकादशी शनिवारी पडली तर धाकट्या काकांचा शनिवार आणि आजीची एकादशी एकाच साबुदाण्यात भागतात. म्हणून शनिवारी एकादशी येणारा आठवडा पंचांगातून शोधून काढला जातो, तारखा ठरतात, कार्यालयांत रजेचे अर्ज जातात. मग कोणीतरी, बहुधा वहिनी, बोटांवर मोजू लागतात. शनिवारी एकादशी तर रविवारी द्वादशी, सोमवारी त्रयोदशी, मंगळवारी चतुर्दशी; आणि बुधवारी, मालवणात, सुरमईच्या ताटासमोर, पक्ष शुक्ल असेल तर पौर्णिमा आणि कृष्ण असेल तर अमावास्या. अमावास्येला आजी प्रवासच करू देत नाही. पौर्णिमेला मूळ घरी सत्यनारायण असतो. हरिहरेश्वराची ओहोटी आणि मालवणची सुरमई यांचे खगोलशास्त्रीय वैर असे प्रथमच उघडकीस येते, आणि बैठक पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होते.

दुसरा अडथळा मूळ घर हाच आहे. मालवण हे नाव नियोजनात सोयीसाठी लिहिलेले असते. प्रत्यक्षात मुक्काम मालवण तालुक्यातल्या आचऱ्याकडच्या घरी करावा लागतो, कारण तिथे धाकटी आजी आणि चुलत काका राहतात. तरुणांनी तारकर्लीला एमटीडीसीचे निवास आहे, म्हणजे शासकीय पर्यटन महामंडळाची राहण्याची व्यवस्था आहे, असे सुचवून पाहिले तर फोनवरून एवढेच उत्तर येते: ‘घर आसताना हाटेलात रवतलात?’ या वाक्यात प्रश्नचिन्ह असले तरी प्रश्न नसतो. चाकरमानी गावात येऊन हॉटेलात उतरला तर त्याचा अर्थ गावकरी तीनच प्रकारे लावतात, की भावांत वाद झाला, की मुंबईत पैसा जास्त झाला, की दोन्ही. आणि यांपैकी एकही अर्थ पुढच्या शिमग्यापर्यंत पुसला जात नाही.

आचरे या गावाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दर काही वर्षांनी ग्रामदैवताचा कौल घेऊन तिथे गावपळण होते, म्हणजे सारे गाव, गुराढोरांसह आणि कोंबड्यांसह, घरे बंद करून तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते. नायगावच्या कुटुंबाने सर्व विघ्ने पार करून बुधवारी संध्याकाळी दार ठोठावावे आणि तेवढ्यात यजमानच मुक्कामाला बाहेर गेलेले असावेत, हा योग दुर्मीळ असला तरी अशक्य नाही. मात्र तो आलाच तर त्यात नायगावकरांचे नुकसान नाही. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्यांत, चुलीवरच्या जेवणात आणि रात्रभरच्या भजनात पाहुण्यांची सोय घरापेक्षा उत्तम होते, आणि तरुण पिढी ज्याला कॅम्पिंग म्हणून पैसे मोजते तेच येथे फुकट मिळते.

पैसे मोजून राहण्याच्या जागा किनाऱ्यावर कमी नाहीत. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ ही पाटी नागावपासून शिरोड्यापर्यंत इतक्या सातत्याने दिसते की रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड नसते तरी चालले असते. या पाटीतील ‘घरगुती’ हे विशेषण अनुभवी प्रवासी फार काळजीपूर्वक वाचतो. त्याचा अर्थ बंबातले गरम पाणी, केळीच्या पानावरची सोलकढी आणि अंगणातली सुपारी असा होऊ शकतो. तसाच, रात्री दहानंतर दिवे मालवले जातील आणि सकाळी साडेसहाला यजमान स्वतः दार वाजवून पोहे थंड होत असल्याचे कळवतील, असाही होतो. चाळीत सामाईक संडासापुढे टमरेल घेऊन रांगेत उभे राहून मोठे झालेल्या पिढीला मात्र खोलीला लागून संडास आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. तो आहे असे कळल्यावर समुद्र दिसतो की नाही याची चौकशी करणे तिला हावरटपणाचे वाटते.

वेळास हे गाव या सर्व यादीत कधीच येत नाही, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. बाणकोटजवळच्या या गावात सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या अंड्यांचे संरक्षण केले, घरट्यांतून निघणारी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि गावातील घरांनी त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था केली. शास्त्रीय, स्वस्त आणि रमणीय असे तिन्ही गुण असलेला हा मुक्काम केवळ तिथे कोणी नातेवाईक नाही म्हणून वगळला जातो. ती कासवी मात्र रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत अंडी घालते आणि नुसत्या चहालाही न थांबता त्याच रात्री परत जाते. सबंध कोकण किनाऱ्यावर हे तिला एकटीलाच साधले आहे.

अखेर जे नियोजन तयार होते ते मूळ यादीशी फारसे नाते सांगत नाही. पेणेत चहा, अलिबागला चहा, मुरुडला रात्र. दापोलीला थोरल्या काकांच्या व्याह्यांकडे दोन रात्री, कारण व्याह्यांकडे एक रात्र राहणे अपमान समजला जातो. रत्नागिरीला मावशीकडे एक. देवगडला मामांकडे नुसता चहा, म्हणजे एक. आचऱ्याला उरलेल्या सर्व. सूर्यास्त तरुणांना देण्यात येतो: सहा ते सात या वेळेत गाडी कुठेही थांबवण्याचा अधिकार त्यांचा, मात्र सात वाजून पाच मिनिटांनी दरवाजे बंद. आरे-वारेच्या उतारावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात त्या वळणाला या सवलतीतून बारा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात काढलेली छायाचित्रे पाहून शेजाऱ्यांचा असा समज होतो की कुटुंब आठवडाभर समुद्रकिनारीच होते.

परतीचा प्रवास मुंबई-गोवा महामार्गाने करायचा यावर सर्वांचे एकमत असते, कारण २०११ मध्ये सुरू झालेले त्याचे रुंदीकरण पाहण्याची उत्सुकता दरवर्षी तितकीच ताजी राहते. प्रश्न उरतो शेवटच्या रात्रीचा. रस्ता रेडीला संपतो, म्हणून रेडीला जायलाच हवे असा मुलांचा हट्ट असतो, आणि आरवलीचा वेतोबा वाटेत असल्याने ज्येष्ठांचाही विरोध नसतो. रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरणाऱ्या या देवाला भक्त केळीचे घड आणि प्रचंड आकाराच्या वहाणा वाहतात. त्या वहाणा पाहून आजी म्हणते की ज्याला रात्रभर चालायचेच आहे त्याला मुक्कामाची पंचाईत नाही. पण रेडीत या कुटुंबाचे कोणीही नाही. आत्या नाही, मामा नाही, व्याही नाहीत. सबंध ५०० किलोमीटरमध्ये प्रथमच पूर्ण स्वातंत्र्य हाती येते आणि बैठकीत शांतता पसरते. सी-फेसिंग खोलीचा प्रस्ताव या वेळी कोणी फेटाळत नाही, तरी तो पुढेही सरकत नाही, कारण ओळख नसलेल्या घरात जेवण कसे असेल, पाणी कसे असेल, आणि मुख्य म्हणजे उद्या कोणाला नाव ठेवायचे, या शंकांना उत्तर मिळत नाही. काकू वेंगुर्ल्याला परत फिरण्याचे सुचवतात. तिथे कोणाच्या तरी जावेचे माहेर असल्याचे त्यांना अंधुक आठवते. शेवटी इतका वेळ जिन्यापाशी उभा असलेला चालक, ज्याला अद्याप कोणी काही विचारलेले नसते, तो सांगतो की त्याची बहीण शिरोड्याला दिली आहे, रेडीहून गाडीने फार वेळ लागत नाही, आणि पडवी मोठी आहे. प्रस्ताव एकमताने मंजूर होतो, आणि काकू त्याला विचारतात की बहिणीकडे गुरुवार पाळतात का.